गाभाऱ्याबाहेरचा बेल

बेलफळ कसं असतं, असं ठाण्या-डोंबिवलीतल्या एखाद्या शिवभक्ताला विचारलं, तर पुष्कळदा वर्णन ऐकायला मिळतं ते कवठाचं. त्यात त्याचा फारसा दोष नाही. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बाजारात बेलाच्या जुड्या आणि कवठं शेजारीशेजारी मांडलेली असतात. बेल पिंडीवर जातो आणि कवठाची गूळ घालून उपासाची चटणी होते. दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतात, मग दोन झाडांचं एक झाड व्हायला वेळ लागत नाही.

दोघांचं कूळ एकच आहे, हे खरं. लिंबू, संत्रं, पपनस, कढीपत्ता या सगळ्यांचं जे कूळ, त्यातलेच हे दोघे. पान चुरगळून नाकाशी धरलं की नातं लगेच कळतं. पण फरकही तिथेच कळतो. कवठाच्या पानाला बडीशेपेसारखा वास असतो आणि एका देठावर पाच-सात पर्णिका असतात. बेलाच्या तीनच, त्यातली मधली जरा लांब देठाची. कवठाचं कवच पांढुरकं, खरखरीत. आतला गर तपकिरी आणि दात आंबवणारा. बेलफळ गुळगुळीत असतं, पिकल्यावर पिवळं पडतं, आणि फोडलं की आत केशरी, गोड, दरवळणारा गर. बिया या गरात चिकट डिंकाच्या पिशव्यांमध्ये बसलेल्या असतात. हा डिंक बोटांना लागला की बेलफळ कायमचं लक्षात राहतं.

मग हे फळ आपल्या ओळखीतून गेलं कसं? त्याचं उत्तर पंचांगात आहे. बेलाचे आपल्याकडचे मोठे दिवस दोन: माघातली महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार. बेलाला फुलं येतात ती उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि फळ पिकायला तब्बल दहा-अकरा महिने लागतात. श्रावणात झाड पानांनी गच्च भरलेलं असतं, पण फळं हिरवी, लहान. महाशिवरात्रीला फळ पूर्ण वाढलेलं असतं, पण पिकलेलं नसतं, आणि पानं तर गळायच्या बेतात असतात. फळ पिकतं चैत्र-वैशाखात. तेव्हा शंकराचा मोठा सण नाही, आणि बाजारात हापूस आलेला असतो. कोकणपट्ट्यात हापूसच्या दिवसांत टणक कवचाच्या, चिकट बियांच्या फळाकडे कोण पाहणार? उत्तर भारतात हापूस नाही आणि लू आहे, म्हणून तिथे बेलाचं सरबत घराघरात राहिलं. ओडिशात तर मेषसंक्रांतीच्या दिवशी बेलाचं पन्हं पिऊनच नवं वर्ष सुरू होतं. आपल्याकडे पान उरलं, फळ सुटलं.

पानाची परंपरा मात्र या पट्ट्यात जुनी आणि ठसठशीत आहे. अंबरनाथला वालधुनीच्या काठचं शिवालय शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं. त्याचा गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा खाली आहे. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. तिथे आजही महाशिवरात्रीला रांग रस्त्यापर्यंत येते. डोंबिवलीकर कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खिडकाळेश्वराला जातात. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं कौपिनेश्वराचं मंदिर हे शहराचं ग्रामदैवत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं पोर्तुगिजांकडून घेतलं, आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर उभारलं. तिथली पिंड एवढी मोठी आहे की तिच्यावर बेल वाहायला हात उंच करावा लागतो.

श्रावणी सोमवारी नवविवाहिता शिवामूठ वाहतात, तांदूळ, तीळ, मूग, जव अशी दर सोमवारी वेगळी, आणि मुठीबरोबर बेलाचं त्रिदळ असतंच. गणपतीच्या एकवीस पत्रींतही बिल्वपत्र आहे. श्रीसूक्तात तर बेल हा लक्ष्मीचा वृक्ष. शंकराचा हक्क तिथे नाहीच. नक्षत्रवनांत तो चित्रा नक्षत्राच्या नावावर लावतात. मराठेशाहीत शपथ घ्यायची तर बेलभंडार उचलत, आणि असा उचललेला शब्द मोडणं म्हणजे देवाशी बेइमानी. नेपाळच्या नेवार समाजात लहान मुलीचं लग्न बेलफळाशी लावण्याचा विधी आहे. निदान तिथे तरी मान फळाला आहे.

बेलाच्या पूजाविधीत एक नियम आहे, आणि माझ्या मते तो नुसता धार्मिक नाही. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार या दिवशी बेल तोडू नये, आदल्या दिवशी तोडून ठेवावा. शिवाय बेल शिळा होत नाही. वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहिलं तरी चालतं. तुळस सोडली तर एवढी सवलत दुसऱ्या पत्रीला क्वचितच मिळाली असेल. हे दोन नियम एकत्र वाचले तर त्यांतून झाडाचा बचाव दिसतो. ज्या दिवशी मागणी सगळ्यांत जास्त, त्या दिवशी झाडाला हात नाही. आणि पान कमी पडलं तर आहे तेच धुऊन घ्यायचं. गावात एखाद-दुसरं झाड आणि भाविक शंभर, अशा परिस्थितीतून आलेला हा शहाणपणा असावा.

शहरात हे गणित उलटं झालं. श्रावणातल्या रविवारी रात्रीपासून कल्याण आणि ठाणे स्टेशनांच्या बाहेर बेलाचे ढीग लागतात. हा बेल येतो मुरबाड, शहापूर, कर्जतच्या रानातून. कातकरी आणि ठाकूर बायका डोक्यावर गाठोडी घेऊन पहाटेच्या कसारा-कर्जत लोकलने उतरतात, कागदावर नाहीतर गोणपाटावर वाटे मांडतात, दुपारपर्यंत माल संपवून परत जातात. त्यांच्या हाताला पैसे मिळतात ते अगदी थोडे, तेव्हा त्यांना दोष देण्याचं काही कारण नाही. पण एकेक पान खुडून हा धंदा जमत नाही. काटेरी झाडावर चढून फांद्याच तोडाव्या लागतात, आणि श्रावणात तोडलेल्या फांदीवर त्या वर्षाची कोवळी फळंही असतात. एखाद्याने लक्ष बेल वाहण्याचा संकल्प सोडला की रानातल्या किती झाडांचं पुढच्या चैत्रातलं पीक गेलं, हे गाभाऱ्यात कुणाला दिसत नाही. पान धुऊन वाहायची मुभा शास्त्राने दिलेली असताना ही उधळपट्टी मला भक्तीपेक्षा हौसेची वाटते.

आता फळाकडे.

बेलफळाच्या औषधी गुणांची युरोपीय भाषेतली पहिली सविस्तर नोंद आपल्या शेजारच्या वसईशी जोडलेली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, त्यामुळे वसई-साष्टीचा हा मुलूख त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. ठाणंही तेव्हा पोर्तुगिजांच्याच ताब्यात होतं. भारतातल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपात एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघाला. त्यात बेलफळ आहे. आव आणि अतिसारावर त्याचा कसा उपयोग होतो, ते त्याने लिहून ठेवलं. वसईत याला बेली म्हणतात हे त्याला माहीत होतं. तरी त्याने इथल्या वैद्यांना विचारून खात्री केली की खरं नाव कोणतं, बेली की श्रीफळ? श्रीफळ हे आम्हा वैद्यांचं नाव, असं त्यांनी सांगितलं.

या छोट्या नोंदीत बरंच काही आहे. एक तर ओर्ता पुस्तकी वैद्य नव्हता. स्थानिक वैद्यांना विचारायला त्याला कमीपणा वाटला नाही, आणि ज्या काळात युरोपात प्राचीन ग्रीक ग्रंथांबाहेर औषध नाही असं मानत, त्या काळात त्याने वसईच्या बोलीतलं नाव आणि वैद्यांचं नाव शेजारीशेजारी नोंदवलं. दुसरं म्हणजे सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर बेलफळ हे औषध म्हणून लोकांच्या तोंडी होतं. पोर्तुगिजांनी त्याला बंगालचं मार्मेलो म्हटलं. मार्मेलो हे त्यांच्याकडचं मुरंब्याचं फळ. पुढे लिनिअसने झाडाला शास्त्रीय नाव देताना तोच शब्द उचलला, आणि आजही बेलाचं शास्त्रीय नाव एजेल मार्मेलॉस असंच आहे. ओर्ताच्या वाट्याला मात्र मरणोत्तर छळ आला: तो छुपा ज्यू असल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप तोवर युरोपभर पोचला होता, पण बेलफळाकडे युरोपने गांभीर्याने लक्ष द्यायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १८६८ मध्ये वेअरिंग यांनी संपादित केलेल्या भारतीय औषधसंहितेत बेलाला अधिकृत जागा मिळाली.

तिथे औषध म्हणून फळ घेतलं होतं ते पिकलेलं नव्हे. इथेच बेलाचं खरं मर्म आहे, आणि आयुर्वेदाने ते फार आधी ओळखलं होतं. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात एक नेमकं वाक्य लिहून ठेवलंय, त्याचा आशय असा: सगळी फळं पिकल्यावर गुणवान होतात, अपवाद बेलाचा, तो कच्चाच अधिक गुणांचा. चरकसंहितेतही कच्चा बेल भूक वाढवणारा आणि मळ बांधणारा, तर पिकलेला पचायला जड, असा भेद आहे. बेल पोटाला चांगला, असं सरसकट म्हणणारा माणूस अर्धवट माहिती देत असतो. कोणता बेल, हे आधी विचारायला हवं.

कच्च्या फळात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन म्हणजे तोच तुरटपणा, जो कच्च्या केळ्याने किंवा जांभळाने जिभेला जाणवतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर तो आवळून धरण्याचं काम करतो. जोडीला पेक्टिन आणि डिंक असतात, ते पाणी शोषून घेतात आणि मळ घट्ट करतात. फळ पिकत जातं तसा तुरटपणा ओसरतो आणि साखर वाढते. मग उरतो तंतू, डिंक आणि गोडवा, आणि तोच गर मळ बांधण्याऐवजी मऊ करू लागतो. म्हणून जुलाबावर कच्चा किंवा अर्धकच्चा बेल, आणि बद्धकोष्ठावर पिकलेला, असा वापर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जुलाब होत असलेल्या माणसाला बेलाचं गोड सरबत पाजणारे पाहिले की भावमिश्राची आठवण होते.

याची आधुनिक तपासणीही आपल्याच आसपास झाली आहे. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत, जिच्या उभारणीशी डॉ. नोशीर अंतिया यांचं नाव जोडलेलं आहे, संशोधकांच्या एका गटाने वाळवलेल्या कच्च्या बेलफळाचा काढा घेऊन प्रयोग केले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी की काढ्याने जुलाब घडवणारे जीवाणू मेले नाहीत. जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस यांच्यावर त्याचा परिणाम झाला, पण जीवाणू जिवंतच राहिले. तरीही त्यांचं काम बिघडलं. पेशींना चिकटणं आणि पेशींत घुसणं कमी झालं. कॉलऱ्याच्या जंतूचं विष तयार होण्यात आणि ते पेशीला जाऊन भिडण्यातही अडथळा आला. म्हणजे हे काम प्रतिजैविकाचं नाही. जंतू मारण्यापेक्षा त्यांना आतड्यात बस्तान बसवू न देण्याची ही पद्धत आहे. नुसता जंतू मरतो की नाही एवढंच तपासलं असतं तर बेल नापास ठरला असता, आणि एका जुन्या औषधावर चुकीचा शिक्का बसला असता.

अर्थात हे प्रयोग पेशींवरचे होते. रुग्णांवरच्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्या हाताशी असल्याशिवाय त्यांतून उपचार ठरवता येत नाही. लहान मुलाला जुलाब लागले तर पहिलं काम मीठ-साखरेचं पाणी, म्हणजेच ओआरएस, आणि डॉक्टर सांगतील तसं झिंक. शौचात रक्त, ताप, लघवी कमी होणं, मूल निपचित पडणं यांतलं काहीही दिसलं तर बेल शोधत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. बेलाची जागा त्यानंतरची: रेंगाळलेलं, वरचेवर बिघडणारं पोट, आवेचा जुना त्रास. तिथे वैद्य वाळवलेल्या कच्च्या बेलाचं चूर्ण सुंठ घालून ताकाबरोबर देतात. ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात कुड्याची झाडं भरपूर. कुड्याची साल आणि बेल ही आवेवरची जुनी जोडगोळी आहे.

घरी बेलाचं काय करता येईल? कच्चं फळ कवचासकट कोयत्याने चकत्या करून सावलीत वाळवावं. कडक वाळलेल्या चकत्या डब्यात वर्षभर टिकतात. थायलंडमध्ये अशाच चकत्या भाजून त्यांचा चहा करतात. श्रीलंकेत बेलाच्या वाळवलेल्या फुलांचाही काढा पितात. मुरंब्याला फळ अर्धकच्चं हवं. गर कापल्यावर चकती उभी राहिली पाहिजे. बिया आणि डिंक टोकदार सुरीने काढून टाकायचे, चकत्यांना काट्याने टोचे मारायचे, वाफवून पाकात सोडायच्या. पिकलेल्या फळाचं सरबत त्याहून सोपं, पण घाईने बिघडतं. गर चमच्याने काढून पाण्यात तासभर भिजत घालायचा, मग हाताने कुस्करायचा. मिक्सरमध्ये फिरवायचा मोह आवरावा, कारण बिया भरडल्या की त्यांचा कडवटपणा साऱ्या भांड्यात उतरतो. मोठ्या भोकाच्या गाळणीतून गाळून गूळ, वेलची, चिमूटभर मीठ घातलं की झालं. बर्फ कमी आणि पेला लहान. चरकाने पिकल्या बेलाला जड म्हटलंय, आणि दोन मोठे पेले एका दमात रिचवणाऱ्याला ते संध्याकाळपर्यंत पटतं. गरात साखर बरीच असते, तेव्हा मधुमेहींनी हे सरबत औषध समजून पिऊ नये.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर पानांबद्दल बोलायला हवं. रोज सकाळी उपाशीपोटी बेलाची पानं चावून खाल्ली की साखर आटोक्यात येते, हा सल्ला बागेतल्या बाकापासून मोबाइलपर्यंत सगळीकडे फिरतो. पानांच्या अर्काने उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग पुष्कळ आहेत. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान. ज्याची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने त्यात आपल्या मनाने पानांची भर घातली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो, आणि गोळी बंद करून नुसत्या पानांवर राहिला तर वर जाण्याचा. गर्भवतींनीही पानं आणि त्यांचे काढे टाळावेत.

पान नैसर्गिक आहे, मग काय होणार आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी हवाई बेटांवरची हकिगत सांगण्यासारखी आहे. २०१३ मध्ये तिथे यकृताला सूज आलेले रुग्ण एकामागून एक सापडू लागले. त्यांतल्या बहुतेकांनी वजन उतरवण्यासाठी एकच पूरक औषध घेतलं होतं, आणि त्यात एजेलीन नावाचं द्रव्य होतं. बेलाच्या पानांत आढळणारंच हे द्रव्य, पण तिथे कारखान्यात तयार करून घातलेलं. काही रुग्णांवर यकृतरोपणाची वेळ आली, मृत्यूही झाला, आणि अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या कारवाईनंतर तो माल बाजारातून परत घेण्यात आला. यावरून पिंडीवरचं पान विषारी ठरत नाही. झाडातलं एखादं द्रव्य वेगळं काढून, त्याची मात्रा वाढवून गोळीत भरलं की ते दुसरंच काहीतरी होतं, एवढं त्यातून कळतं. बेलाच्या अर्काच्या कॅप्सूल आपल्याकडेही मिळतात. त्यांच्यावर बेलाचं चित्र असतं म्हणून त्यांना देवघरातली विश्वासार्हता आपोआप लागू होत नाही.

मुळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. दशमुळांतल्या पहिल्या पाचांत बेल आहे, बाकीचे चार म्हणजे टेंटू, पाडळ, शिवण आणि अग्निमंथ. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि त्याची मागणी मोठी. मूळ किंवा मुळाची साल काढायची तर झाडच जातं किंवा खंगतं. हे पाचही वृक्ष रानातून येतात, लागवड फार कमी. पान आणि फळ दरवर्षी परत येतात, मूळ येत नाही; बेलाच्या बाबतीत सगळ्यांत महाग औषध हेच.

बाकी उपयोग भराभर सांगून टाकतो. बियांभोवतीचा डिंक चिकटवायला चालतो. गर चुन्याच्या गिलाव्यात मिसळत, त्याने गिलावा पाण्याला दाद देत नसे. कच्च्या फळाच्या सालीपासून पिवळा रंग निघतो. पोखरून वाळवलेल्या कवचाच्या डब्या होतात. पंजाबात त्यांवर नक्षी कोरून तपकिरीच्या डब्या म्हणून त्या अफगाणांना विकत. लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या बेलाची पानं आवडीने कुरतडतात. घोडबंदर रस्त्याला ओवळ्याच्या बागेत फुलपाखरं पाहायला जाणाऱ्यांनी आपल्या दारी बेल लावला तर त्यांतली काही घरबसल्या दिसतील.

दारी लावण्याबद्दल थोडं. येऊरच्या रानात बेल आपसूक वाढतो, म्हणजे इथली हवा-माती त्याला मानवते. कोरड्या पानगळी रानातलं हे झाड मुरमाड जमीन आणि उन्हाळा सहज सोसतं, साचलेलं पाणी मात्र सोसत नाही. डोंबिवलीच्या सखल भागातल्या सोसायट्यांनी हे लक्षात ठेवावं. झाडाला लांब सरळ काटे असतात, तेव्हा मुलांच्या घसरगुंडीपासून दूर जागा निवडावी. गाड्यांच्या रांगेवर तर अजिबात लावू नये. अर्धा किलोचं टणक फळ तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून टपावर पडलं की पोचा येतो, आणि मग सर्वसाधारण सभेत झाड तोडण्याचा ठराव मांडला जातो. तो ठराव मंजूर झाला तरी पुरेसा नसतो. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवून झाड हळूहळू मारायला मात्र कुणी परवानगी मागत नाही.

बीपासून लावलेल्या बेलाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि फळ आईच्या झाडासारखं निघेलच असं नाही. रानातली फळं लहान, बियाळ, डिंकाने भरलेली असतात. खायला फळ हवं असेल तर डोळा भरलेलं कलम घ्यावं. ते चार-पाच वर्षांत धरतं. उत्तर प्रदेशातल्या अयोध्येच्या (पूर्वीच्या फैजाबादच्या) कृषी विद्यापीठाच्या नरेंद्र बेल ५ आणि ९, पंतनगरच्या पंत शिवानी आणि पंत अपर्णा, लखनौच्या संस्थेच्या सीआयएसएच बी-१ आणि बी-२, गोध्र्याच्या केंद्राची गोमा यशी अशा जाती उपलब्ध आहेत. पंत अपर्णाला काटे जवळजवळ नसतात, आणि गोमा यशीचं झाड ठेंगणं राहतं, म्हणून लहान आवारात ही दोन अधिक सोयीची.

फळं उतरवायच्या वेळा दोन. दिवाळीनंतर फळ पूर्ण वाढलेलं पण गर्द हिरवं असतं, तेव्हा थोडी फळं चकत्यांसाठी काढून घ्यावीत. बाकीची मार्च-एप्रिलपर्यंत झाडावरच राहू द्यावीत. हिरव्या रंगात पिवळी झाक आली की देठासकट कापून आठवडाभर घरात ठेवावीत. हिरवेपणा पूर्ण गेला की देठ आपोआप सुटतो आणि खोलीभर वास येतो. काठीने झोडपून फळं पाडू नयेत. जमिनीवर आपटलेल्या फळाचं कवच वरून अखंड दिसलं तरी त्याला केसाएवढा तडा गेलेला असतो, आणि चार दिवसांत आतला गर आंबतो.